आमची काळी वाळू, शेजाऱ्यांचे ब्लॉक: लहान कारखान्यांनी एकमेकांचं उरलंसुरलं वापरण्याबद्दल

रेवा_शिरोली

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची बिडाची छोटी फौंड्री आहे. बाबांनी सुरू केली, आता मी बघते. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततो. फौंड्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लालभडक रस येतो, पण आमची माणसं दिवसभर हाताळतात ती वाळू. एक किलो कास्टिंगमागे साच्यात चार-पाच किलो वाळू लागते. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळलं की साचा धरतो. त्यात साधारण चौदाशे अंशांचं बीड ओतलं की रसाला लागून असलेल्या थरातलं बेंटोनाइट जळतं. ते परत चिकटत नाही. आमचे फोरमन मामा त्याला 'मेलेली माती' म्हणतात. तीच वाळू पुन्हा पुन्हा फिरवतो, पण मेलेली माती वाढली की साचे ढासळायला लागतात, म्हणून रोज थोडी जुनी काढून नवी घालावी लागते.

ही काढलेली काळी वाळू कुठे जाते, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारलाच नव्हता. शेडच्या मागे ढीग साठायचा, एक ट्रॅक्टरवाला येऊन खेपेचे पैसे घेऊन भरून न्यायचा. 'भरावाला जाते' एवढंच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका नातेवाइकाकडे निघाले होते, वाटेत ओढ्याच्या काठाला काळा ढीग दिसला. गाडी थांबवली. ढिगात आमच्याच पंपाच्या बॉडीचा तुटलेला रायझर (कास्टिंगला जोडून ओतलेला जादा बिडाचा तुकडा) पडला होता, आमच्या पॅटर्नचा नंबर त्यावर उठलेला. पावसाचं पाणी ढिगातून काळं होऊन ओढ्यात चाललं होतं, आणि तो ओढा पुढे पंचगंगेला मिळतो. त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्यापासून तीन प्लॉट सोडून एक काका पेव्हर ब्लॉक करतात. रोज सकाळी त्यांच्याकडे क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) डंपर येतो, आणि त्याच रस्त्याने आमची वाळू ट्रॉलीत भरून बाहेर जाते. मी जाऊन विचारलं, 'काका, आमची वाळू थोडी मिसळून बघाल का?' ते चांगले आहेत, म्हणाले, 'पाठवा की एक ट्रॉली.'

पाठवली आणि फसलो. दुपारी त्यांचा फोन आला, 'ताई, जरा इकडं येऊन बघा.' गेले तर मिक्सर बंद होता. पॅनमधलं पातं वाकलेलं, आणि खाली घमेल्यात त्यांनी वेचून ठेवलेलं सगळं: बिडाचे दाणे, खिळे, कोअरचे (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतो त्या वाळूच्या गाभ्याचे) मुठीएवढे गोळे, कोअरला आधार देणारा एक अख्खा लोखंडी चॅपलेट. त्यांचा मिस्त्री म्हणाला, 'ही वाळू न्हाई वो, हे तुमचं भंगार हाय.' पात्याचा खर्च मी दिला. ट्रॉली परत आणली.

परत येऊन ढिगाकडे नीट बघितलं तेव्हा कळलं की आम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करून त्याला कचरा म्हणत होतो. मोल्डिंगची काळी वाळू, रेझिनने (रासायनिक चिकट द्रवाने) बांधलेल्या कोअरची वाळू, भट्टीचा स्लॅग म्हणजे रसावरची मळी, आणि फेटलिंगची म्हणजे कास्टिंग घासून साफ करतानाची धूळ. मग पत्रे उभे करून चार कप्पे केले. भंगार बाजारातून जुनं मोठं चुंबक आणलं, ते चाळणीच्या तोंडाशी टांगलं. पहिल्या आठवड्यातच चुंबकाला बादल्या भरून बिडाचे दाणे लागले. ते परत भट्टीत गेले आणि चुंबकाचे पैसे तिथेच निघाले. हे लोखंड आम्ही इतकी वर्षं ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन फेकत होतो!

दुसऱ्या वेळी काकांकडे फक्त मोल्डिंगची वाळू नेली, चाळलेली, वाळवलेली. त्यांनी क्रश सँडच्या जागी दहा टक्के घालून बघितली. अठ्ठावीस दिवसांनी ब्लॉक दाबून तपासले (पेव्हर ब्लॉकचं मानक आयएस १५६५८), पाणी किती पितात तेही बघितलं. दोन्ही बसलं. पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत गेलो. वीस केल्यावर मिश्रण पाणी जास्त मागायला लागलं, कारण आमच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची बारीक पूड असते. तिथे थांबलो.

आता दोन वर्षं झाली. आमच्या काळ्या वाळूतली निम्म्याहून जास्त त्यांच्याकडे जाते. उरलेल्यासाठी आणि कोअरच्या वाळूसाठी अजून धडपड चालू आहे.

एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो, याचं पुस्तकातलं उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधलं कालुनबोर्ग. तिथे १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तिसो तलावाचं पाणी आणण्यापासून सुरुवात झाली, १९७२ मध्ये रिफायनरीचा जादा वायू जिप्समचे बोर्ड करणाऱ्या कारखान्याला मिळायला लागला, आणि एकेक करत वाफ, राख, जिप्सम सगळ्याची देवाणघेवाण जमली. कोणी आराखडा काढून ते गाव वसवलं नव्हतं. या प्रकाराला 'औद्योगिक सहजीवन' हे नाव मिळालं तेच १९८९ मध्ये, तोवर काम कधीचं चालू होतं. पण तिथे पाइपलाइन टाकायला पैसा असलेले मोठे कारखाने होते. आपल्याकडे दहा-वीस कामगारांच्या शेड आहेत, ट्रॉली आहे आणि फोन आहे. एवढ्यावर किती होऊ शकतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. कुठे जमलं, कुठे फसलं, दोन्ही सांगा.

---

सायझिंगवाला_इचल

ताई, मनापासून लिहिलंत. इचलकरंजीत आमचं सायझिंग आहे. सुताला खळ लावायला वाफ लागते, म्हणून बॉयलर. वडिलांच्या वेळी साखर कारखान्याचा बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) मिळेल त्या भावात यायचा. कारखान्यालाच त्याची अडगळ व्हायची, कारण एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस पडतो. मग सहवीजनिर्मिती आली, कारखाने स्वतःच तो जाळून वीज विकायला लागले, आणि आमचा भाव वर गेला. आता आम्ही ब्रिकेट (काडीकचरा दाबून केलेलं इंधन) आणि लाकूड मिसळून चालवतो.

हे मुद्दाम सांगतोय. टाकाऊ मालाला किंमत आली की ती चांगलीच गोष्ट, पण त्यावर आधी जगणारा लहान माणूस बाजूला पडतो. गुऱ्हाळवाल्यांचं मात्र बरं. त्यांचं चिपाड त्यांच्याच चुलाणात, रस काढला की वाळत घालायचं आणि दोन दिवसांनी तेच काहिलीखाली. कोणावर अवलंबून राहायला नको.

आणि एक देवाणघेवाण तुमच्या डोळ्यांसमोर आहे पण तुम्ही तिला मोजलं नाही. तुमच्या मशीन शॉपमध्ये हात पुसायला, तेल पुसायला जो सुताचा गुंता असतो ना, कॉटन वेस्ट, तो आमच्यासारख्यांच्या मागांवरून सुटलेल्या सुताचा असतो. किती वर्षांपासून चाललंय हे, कोणी त्याला नाव दिलं नाही.

---

रेवा_शिरोली

सायझिंगवाले दादा, खरंच की! आजच लेथवरच्या पोराच्या खिशात लोंबणारा गुंता बघितला. आणि भावाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. काका आज वाळूचे पैसे देत नाहीत, मी वाहतूक देते. उद्या मी भाव मागितला तर ते सरळ क्रश सँडकडे वळतील, आणि ते बरोबरच असेल.

---

पाणी_आणि_माती

मी पर्यावरण प्रयोगशाळेत काम करते. तुमचा प्रयत्न आवडला, पण काही गोष्टी स्पष्ट बोलते.

बिडाच्या फौंड्रीची मोल्डिंग वाळू बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. पण 'बहुतेक वेळा' वर धंदा करू नका. पितळ-तांब्याच्या फौंड्रीची वाळू दिसायला तशीच असते, पण तिच्यात शिसं आणि जस्त उतरू शकतं. ती ब्लॉकमध्ये, विटेत, भरावात कुठेच ढकलू नये. रेझिनच्या कोअरची वाळू असेल तर फिनॉल तपासायला हवं. एकदा लीचिंगची चाचणी करा, म्हणजे वाळूतून पाण्यात काय उतरतं ते कळेल. आणि रेझिन, बाइंडर किंवा भंगाराचा पुरवठादार बदललात की पुन्हा करा.

कागदाचंही बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमचा कचरा कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. तिथे 'भराव' लिहिलंय आणि माल ब्लॉकवाल्याकडे जातोय असं नको. बदल करून घ्या. माल घातक वर्गात मोडत असेल तर घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतल्या नियम ९ खाली मंडळाची आगाऊ परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय एक खेपही देता येत नाही.

हे लांबलचक वाटेल, पण उद्या कोणाच्या विहिरीत काही निघालं तर आधी तुमच्याच दारात येतील.

---

रेवा_शिरोली

ताई, बरं झालं लिहिलंत. लीचिंग आम्ही सुरुवातीलाच केलं होतं, अहवाल काकांकडेही आहे. पण मध्यंतरी कोअरचा रेझिन बदलला तेव्हा पुन्हा केलं नाही. या आठवड्यात नमुना पाठवते. संमतीपत्रात दुरुस्ती केली आहे. त्यासाठी काकांचं पत्र लागलं, आणि ते द्यायला ते आधी कचरत होते. 'सरकारी कागदावर माझं नाव कशाला?' म्हणाले. दोन वेळा चहा झाला, मी अहवाल वाचून दाखवला, मग दिलं.

---

नंजनगूडहून

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त म्हैसूरकडे असतो. इथल्या नंजनगूड औद्योगिक वसाहतीचा याच दृष्टीने अभ्यास झालाय, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. कारखाने किती माल बाहेर टाकतात आणि तो कुठे जातो, याचा हिशेब दारोदार फिरून मांडला. निघालं असं की जवळजवळ सगळा उरलेला माल कोणाच्या ना कोणाच्या वापरात जात होता. त्यातला मोठा वाटा साखर कारखान्याचा आणि शेतीशी जोडलेल्या मालाचा. हे कोणी योजना करून घडवलं नव्हतं. बरंचसं काम भंगारवाले, ट्रॉलीवाले, गोणपाटवाले अशा नोंद नसलेल्या लोकांनी जुळवलेलं होतं.

परदेशी अहवाल वाचताना असं वाटतं की गरीब देशांना ही गोष्ट शिकवायला हवी. माझं मत उलट आहे. आपल्याकडे फेकणं परवडत नाही म्हणून ती आधीपासून आहे. जे नाही ते म्हणजे मोजमाप आणि सुरक्षितता. ट्रॉलीवाला माल नेतो, पण तो कुठे टाकतो याची जबाबदारी कोणाचीच नसते. तुमच्या ओढ्याकाठच्या ढिगाचं तेच झालं.

---

रेवा_शिरोली

अगदी तेच. त्या ट्रॅक्टरवाल्या दादांना मी दोष देत नाही. मी खेपेचे पैसे मोजले आणि तोंड फिरवलं. आता तेच दादा काकांकडे खेप टाकतात. फरक एवढाच की खेप पोचल्याची पावती मिळाल्याशिवाय मी पैसे देत नाही.

---

जुना_अभियंता

तीस वर्षं औद्योगिक वसाहतीत काढली. राखेची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे.

औष्णिक वीज केंद्राच्या राखेला पूर्वी कोणी विचारत नव्हतं. १९९९ मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना आली. वीज केंद्राच्या आसपास ठरावीक अंतरात विटा-ब्लॉक करणाऱ्यांनी राख वापरायची आणि वीज केंद्राने ती द्यायची, असं बंधन घातलं. नंतर ते अंतर वाढवत नेलं. वीटवाले सुरुवातीला नाखूश होते, पण पुढे राखेच्या विटांचा धंदाच उभा राहिला. यातून मी एवढंच समजलो की माल एकाच गुणवत्तेचा, रोज, ठरल्या ठिकाणी मिळाला तर वापरणारा आपोआप तयार होतो. वीज केंद्र रोज तीच राख देऊ शकतं. तुमच्यासारखी एक फौंड्री देऊ शकत नाही. आज ग्रे आयर्न ओतलं, उद्या एसजी (दोन्ही बिडाचेच प्रकार), परवा सुट्टी.

म्हणून माझा सल्ला: चार-पाच फौंड्र्यांनी मिळून एकच चाळण-यार्ड करा. सगळ्यांची मोल्डिंग वाळू एकत्र मुरली की चढउतार कमी होतील. शेडमागचा ढीग ही प्रत्येकाची खासगी लाज आहे असं समजून आपण सगळे गप्प बसतो. ती गोष्ट बाहेर काढलीत हे चांगलं केलंत.

---

तळेरे_वाडी

माझं माहेर कणकवली तालुक्यातलं, कासार्ड्याजवळचं. तुमची पांढरी सिलिका वाळू बहुधा आमच्याकडूनच येते. गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या घाटातून वर चढणारे ट्रक लहानपणापासून बघत आलेय.

खाणीजवळ वाळू धुतात तेव्हा जे पाणी सुटतं ते दुधासारखं असतं. आमच्या आजीच्या विहिरीला एका उन्हाळ्यात ते लागलं. हंडा भरून ठेवला की सकाळी तळाशी बोटभर पांढरा गाळ. आजी तो हंडा कितीदा घासायची! परसातल्या माडांखाली पांढरा थर बसायचा. कोणाचं नाव घेत नाही, कोणाशी भांडायला आले नाहीये. एवढंच सांगायचंय की तुम्ही वर शिरोलीत जी वाळू वाचवता, तेवढी आमच्याकडे खणायला लागत नाही. धागा वाचताना हे कोणाच्या लक्षात आलं नसेल म्हणून लिहिलं.

---

रेवा_शिरोली

वाडीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुपारी स्वतः जाऊन नव्या वाळूच्या ढिगावर ताडपत्री ओढून आले. वाऱ्याने आणि पावसाने आमची बरीच नवी वाळू अशीच जाते.

पण एक गोष्ट खरी सांगायला हवी. पेव्हर ब्लॉकमध्ये गेलेली वाळू नव्या सिलिकाची जागा घेत नाही, क्रश सँडची घेते. म्हणजे कुठलातरी डोंगर कमी फुटतो, पण तुमच्याकडचं खणणं कमी होत नाही. ते कमी व्हायचं तर वाळू आमच्याकडेच परत वापरात यायला हवी, म्हणजे रिक्लेमेशन. कोअरच्या रेझिनवाल्या वाळूला ते चांगलं लागू पडतं. सहाशे-सातशे अंशांवर भाजली की रेझिन जळून जातं आणि दाणा जवळपास नव्यासारखा होतो. ग्रीन सँडचं, म्हणजे मोल्डिंगच्या काळ्या वाळूचं, तसं नाही. ती नुसती भाजली तर माती दाण्यावर आणखी पक्की बसते, आधी घासून माती उतरवावी लागते. आणि सोडियम सिलिकेट वापरून कार्बन डायऑक्साइडने कडक केलेले कोअर सगळ्यात अवघड, कारण सोडियम दाण्यावर साठत जातो आणि वाळू उष्णता कमी सोसते. स्वस्त म्हणून आमच्यातले पुष्कळ जण तेच कोअर वापरतात, आम्हीही वापरायचो. आता कोअरला एकच रेझिन ठेवलंय, पुढे भाजता यावी म्हणून. महाग पडतंय, पण चार जण मिळून भट्टी घेतली तर जमेल.

परत जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून आमची काळी वाळू खाली कोकणात पाठवण्याचा विचारही आमच्यात झाला होता. ट्रकवाले तयार होते, पण हौद्यात काळी धूळ राहिली आणि पुढची पांढरी वाळू त्यातच आली तर ती कोअरला चालत नाही, बारीक धूळ रेझिन पिऊन टाकते. म्हणून सोडून दिलं.

अभियंता काका, तुमचं यार्डाचं म्हणणं पटलं. तिघांशी बोलले. दोघे तयार आहेत. तिसरे म्हणाले, 'माझ्या वाळूत काय काय आहे ते तुम्हाला कळलं तर माझं मिश्रणही कळेल.' ही भीती खोटी नाही. गिऱ्हाईक एकच आहे आमचं, एकमेकांच्या ऑर्डरी ओढतो आम्ही. म्हणून ठरवलंय की चाचणीचे आकडे फक्त यार्डाकडे राहतील, कोणाची वाळू किती हे कोणी कोणाला सांगायचं नाही. बघू, त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.

---

वीटभट्टी_कागल

रेवाताई, पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल माफ करा. सासऱ्यांची वीटभट्टी आहे, हिशेब मी बघते. आमची माती काळी, ओली वीट उन्हात ठेवली की तडकते. त्यासाठी आम्ही साखर कारखान्याची बॉयलरची राख मिसळतो. गळीत चालू असतं तोवर राख मिळते, पण आमचं काम मे महिन्यापर्यंत चालतं आणि शेवटी शेवटी राख संपते. तुमची काळी वाळू त्या दिवसांत चालेल का? आणि तिच्यात कोळसा आहे म्हणता, तर वीट आतून भाजायला मदत होईल का?

---

पाणी_आणि_माती

कागलच्या ताई, तडे कमी करायला न चिकटणारी कुठलीही बारीक गोष्ट मदत करते, राख तशीच वाळू. पण रेवाताईंच्या वाळूत बेंटोनाइट आहे, आणि ते फुगतं आणि आकसतं. जळलेलं कमी त्रास देईल, न जळलेलं उलटे तडे पाडेल. आधी थोड्याच विटांवर करा. कोअरची वाळू अजिबात घेऊ नका, भाजताना रेझिनचा धूर तुमच्या माणसांच्या नाकात जाईल.

---

रेवा_शिरोली

कागलच्या वहिनी, माफी कसली! फक्त मोल्डिंगची, चाळलेली, चुंबकातून गेलेली वाळू पाठवेन. कोळसा थोडाच असतो, त्यामुळे इंधन वाचेल असं मी कबूल करत नाही. आधी दोन घमेली घेऊन शंभरेक विटा पाडून बघा, दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका. तडे मोजा, भाजल्यावर वीट विटेवर आपटून आवाज ऐका. तुमचे सासरे ते आमच्यापेक्षा चांगलं ओळखतील.

---

वीटभट्टी_कागल

मामंजींना दाखवलं. म्हणाले, 'दोन घमेल्यांनी काय कळतंय, पण आणा म्हणावं.' गुरुवारी चिखल तुडवायचा आहे. त्याच्या आधी, सकाळी सातपर्यंत मिळाली तर बरं. नंतर मिसळत नाही नीट.

---

रेवा_शिरोली

बुधवारी संध्याकाळीच मामा दोन पोती भरून ठेवतील, दोन्हींवर 'मो' लिहिलेलं असेल, म्हणजे मोल्डिंगची. लेथवरचा पोरगा तुमच्याच बाजूचा आहे, सकाळी कामावर यायच्या आधी टाकून जाईल. पोती मात्र परत पाठवा.